स्त्रियांचीं गूढ शस्त्रें : वेणीपासून बटव्यापर्यंत

(१)

शस्त्रांच्या इतिहासाचे अभ्यासक तलवारीचें पाणी पाहतात, बंदुकीच्या नळीची लांबी मोजतात, तोफेवरील लेख वाचतात. परंतु शस्त्र बाळगणाराच्या अंगावर वस्त्र कोणतें होतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. उघड मिरवावयाच्या शस्त्रापुरतें पाहिलें तर त्यामुळें मोठेंसें नुकसान होत नाहीं. जें शस्त्र लपवून न्यावयाचें असतें त्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें वस्त्र हेंच म्यान होय. आणि म्यान जसें असेल तसेंच पातें त्यांत मावणार.

स्त्रियांच्या बाबतींत ह्या प्रश्नास विशेष महत्त्व येतें. पुरुषाच्या कमरेचें शस्त्र हें पुष्कळ समाजांत त्याच्या दर्जाचें चिन्ह होतें. तें झांकण्याचें त्यास कारण नसे. स्त्रीच्या हातीं शस्त्र आलें तर तें बहुधा झांकलेलेंच असे. रणांगणांत उघड तलवार धरणाऱ्या झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंसारख्या वीर स्त्रियांचें चरित्र वाचकांस सुपरिचित आहे. तो विषय येथें नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही वस्त्रांत किंवा अलंकारांत दडविलेल्या शस्त्राचा, आणि त्यांतहि मुख्यतः लहान अग्निशस्त्राचा, विचार करणार आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, कोणत्या काळीं स्त्रीस कोणतें शस्त्र लपवितां आलें हें शस्त्राची कळ व वस्त्राची घडण ह्या दोहोंच्या मेळावरून ठरत आलें आहे. ह्यास जोडून पुराव्यासंबंधीं एक इशारा देणें अवश्य आहे. लपविण्याचें काम पूर्णपणें साधलें तर त्याचा कागद मागें उरत नाहीं. ह्या विषयाचीं साधनें बहुशः झडती घेणाराच्या, फिर्यादीच्या अथवा न्यायाधीशाच्या दप्तरांतूनच मिळतात. ज्याच्यावर शस्त्र चाललें त्याच्या बाजूनें लिहिलेली ही हकीकत असते. जिनें तें चालविलें तिचें म्हणणें काय होतें, हें कळण्यास फार काळ जावा लागला आहे.

(२)

आमच्या वाङ्मयांत ह्या विषयाचा जुना व व्यवस्थित उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रांत सांपडतो. पहिल्या अधिकरणाच्या विसाव्या अध्यायांत अंतःपुराची व्यवस्था सांगतांना ग्रंथकारानें असा नियम घातला आहे कीं, वृद्ध परिचारिकेनें तपासून निर्दोष ठरविल्यावरच राजानें राणीची भेट घ्यावी. ह्या नियमाच्या समर्थनार्थ, अंतःपुरांत घात झालेल्या राजांची एक यादी दिली आहे. मध म्हणून विष लावलेल्या लाह्या देऊन राणीनें काशिराजास मारिलें. वैरंत्य राजा विष माखलेल्या नूपुरानें मेला, सौवीर राजा मेखलेच्या मण्यानें, जालूथ आरशानें, आणि विदूरथ वेणींत दडविलेल्या शस्त्रानें. लगेच पुढच्या अध्यायांत, राजा शय्येवरून उठतांच धनुर्धारी स्त्रियांनीं त्याच्याभोंवतीं राहावें, असें सांगितलें आहे. शेजारशेजारच्या ह्या दोन अध्यायांतला विरोध लक्षांत घेण्याजोगा आहे. उघड धनुष्य धरणारी स्त्री ती राजाची रक्षक, आणि झांकलेलें शस्त्र धरणारी ती त्याचा काळ!

हीच परंपरा पुढें वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत आली आहे. तेथेंहि विदूरथाचा अंत राणीच्या वेणींतील शस्त्रानेंच होतो. परंतु विषारी नूपुराचा बळी काशिराज आहे. म्हणजे कौटिल्याच्या यादींत जो अलंकार वैरंत्याच्या नांवावर आहे, तो येथें काशिराजाच्या नांवावर चढला. राजांचीं नांवें हललीं, पण वेणी व नूपुर हीं ठिकाणें कायम राहिलीं. ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, ह्या गोष्टींकडे घडलेल्या प्रसंगांची नोंद म्हणून पाहण्यापेक्षां, स्त्रीच्या अंगावर शस्त्र कोठें असूं शकेल ह्याविषयीं राजसेवकांनीं पिढ्यान्पिढ्या जपलेली सूचना म्हणून पाहणें अधिक सुरक्षित होईल.

तिसरा उल्लेख बाणाच्या हर्षचरितांत आहे. राज्यवर्धनाचा विश्वासघातानें वध झाल्यावर गजसेनेचा अधिपति स्कंदगुप्त हर्षास सावध करतो, त्या भाषणांत ही यादी अधिक विस्तारानें आली आहे. बाणाचा विशेष असा कीं, त्यानें ह्या स्त्रियांस नांवें दिलीं. विदूरथास मारणारी ती बिंदुमती, वस्तऱ्यासारखी धार असलेला आरसा वापरणारी ती रत्नवती. अर्थशास्त्रांत ह्या स्त्रिया निनांवी आहेत. बाणानें नांवें दिलीं, तरी कारणें दिलीं नाहींत. बिंदुमतीनें हें कां केलें, हें स्कंदगुप्तास सांगावयाचें नव्हतें व हर्षास ऐकावयाचेंहि नव्हतें. बोलणारा व ऐकणारा ह्या दोघांसहि राजाच्या जिवाची काळजी होती.

आतां ह्या ठिकाणांचा विचार करूं. वेणी, नूपुर, मेखला, आरसा ह्या सर्व वस्तु प्रसाधनाच्या आहेत. प्राचीन काळच्या न शिवलेल्या वस्त्रांत खिसा नव्हता. निरी, गांठ व पदर एवढेंच काय तें. तेव्हां घट्ट बसेल आणि चालतांना पडणार नाहीं अशी जागा केसांत व दागिन्यांतच होती. शिवाय पाहाणाराचा डोळा प्रसाधनावर रेंगाळतो, पण संशय घेत नाहीं. वस्तूचा आकार दडविणें व पाहाणाराचा संशय दडविणें हीं दोन कामें भिन्न आहेत. जुन्या यादींतील राण्यांनीं हीं दोन्ही साधलीं. आणि पुढील सर्व उदाहरणांत ह्या दोन कामांचा भेद आपणांस पुनःपुन्हां दिसेल.

(३)

पात्याच्या जागीं अग्निशस्त्र आलें तेव्हां प्रथम लपविण्याची सोयच नाहींशी झाली. तोडेदार बंदुकीस बार उडविण्यासाठीं सतत जळणारा तोडा लागे. जळता तोडा कापडाखालीं ठेवणें म्हणजे स्वतःस पेटवून घेणें होय. शिवाय त्याचा वास व धूर लांबून कळे. आमच्या देशांत तोडेदार बंदूक अठराव्या शतकांतहि सर्रास प्रचारांत होती. तेव्हां ह्या बंदुकीचा आणि स्त्रीवस्त्राचा संबंध न येणें हें यंत्राच्या रचनेवरूनच सिद्ध होतें.

युरोपांत सोळाव्या शतकाच्या आरंभीं चाकाची कळ निघाली. किल्लीनें ताण दिलेलें पोलादी चाक सुटतांच त्याच्या कडेवर दाबून धरलेल्या खनिजाच्या तुकड्यांतून ठिणग्या उडत व दारू पेटे. जळत्या तोड्याची गरज संपली. भरलेलें शस्त्र तासन्‌तास अंगरख्याखालीं ठेवितां येऊं लागलें. ह्या एका कळीनें राज्यकर्त्यांची झोंप कशी उडविली हें कायद्यांवरून दिसतें. सम्राट् पहिला माक्सिमिलियन ह्यानें १५१७ च्या सुमारास आपल्या मुलखांत अशा आपोआप पेटणाऱ्या बंदुकांवर बंदी घातली. इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींतील १५४१–४२ च्या कायद्यानें एक यार्डाहून आंखूड हातबंदूक बाळगण्यास मनाई केली. शस्त्र किती घातक आहे ह्यापेक्षां तें अंगावर मावतें कीं नाहीं, ह्याचाच विचार ह्या मर्यादेमागें दिसतो. सत्तेस भीति होती ती लांब नळीची नव्हे, आंखूड नळीची होती.

चाकाची कळ महाग होती. ती श्रीमंतांपुरतीच राहिली. पुढें चकमकीची साधी कळ आली तेव्हां लहान पिस्तुलें पुष्कळ होऊं लागलीं. ह्याच काळांत युरोपीय स्त्रियांच्या पोषाखाची रचना त्यांस अनुकूल होती. सतराव्या व अठराव्या शतकांत त्यांचे खिसे वस्त्रास शिवलेले नसत. नाडीनें कमरेभोंवतीं बांधलेल्या दोन पिशव्या घेरदार झग्याखालीं लोंबत, आणि झग्याच्या बाजूच्या फटींतून हात आंत घालून त्यांतील वस्तु काढतां येत. कात्री, किल्ल्या, नाणीं, खाऊ असा सगळा संसार त्या पिशव्यांत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अंगाबरोबर पडणाऱ्या पातळ झग्यांची चाल पडली आणि ह्या पिशव्या गेल्या. त्यांच्या जागीं हातांत धरावयाचा लहान बटवा आला. अंगावरचा खिसा जाऊन हातांतला बटवा येणें ही फॅशनची क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु स्त्रीची मौल्यवान् वस्तु तिच्या देहापासून सुटून हातांत आली, व हातांतून हिसकावून घेण्याजोगी झाली. ह्या बदलाचा परिणाम आजवर चालू आहे, हें पुढें दिसेल.

(४)

कापडांत शस्त्र ठेवण्यांत दोन अडचणी असतात. पहिली, आंतल्या आंत चाप ओढला जाऊन बार उडणें. दुसरी, काढतांना घोडा कापडांत अडकणें. कारागिरांनीं ह्या अडचणी कशा सोडविल्या तें पाहिलें म्हणजे यंत्रावर वस्त्राचा छाप कसा उमटतो हें ध्यानांत येतें.

थंडीच्या देशांत स्त्रिया दोन्ही हात ऊबेस ठेवण्यासाठीं केसाळ कातड्याचें एक पोकळ नळकांडें वापरीत. त्यास मफ म्हणतात. त्यांत मावतील अशीं चकमकीचीं अगदीं लहान पिस्तुलें संग्राहकांत ‘मफ पिस्तूल’ ह्या नांवानें ओळखलीं जातात. त्यांतील पुष्कळांचा चाप घोडा चढविल्यावांचून बाहेरच येत नसे. एरवीं तो पोटांत मिटलेला राही. कापडास गुंतण्यास कांहीं उरूं नये म्हणूनच ही योजना होती. एकोणिसाव्या शतकांत टोपीची बंदूक आली. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर ह्यानें केलेलीं मुठींत मावणारीं पिस्तुलें इतकीं गाजलीं कीं, त्याचें नांवच त्या जातीस पडलें. १८६५ च्या एप्रिलांत अध्यक्ष लिंकन ह्यांचा वध अशाच एका पिस्तुलानें झाला. पुढें रेमिंग्टन कारखान्यानें दोन नळ्यांचें डेरिंजर १८६६ पासून १९३५ पर्यंत विकलें.

१८८७ मध्यें स्मिथ आणि वेसन ह्या अमेरिकन कारखान्यानें घोडा पूर्णपणें आंत झांकलेलें रिव्हॉल्व्हर काढलें. त्याच्या मुठीच्या पाठीस एक पट्टी होती. मूठ घट्ट आवळून ती दाबल्याशिवाय बार होत नसे. खिशांतून काढतांना कापडास अडकूं नये व पोराच्या हातून सहज उडूं नये, हे दोन हेतु त्यांत एकदम साधले. ह्याच कारखान्यानें १९०२ ते १९२१ पर्यंत ‘लेडीस्मिथ’ नांवाचें सात बारांचें चिमुकलें रिव्हॉल्व्हर विकलें. बेल्जममध्यें ब्राउनिंग ह्याच्या रचनेवरून १९०५ च्या सुमारास ६.३५ मिलिमीटर गोळीचें पिस्तूल निघालें. त्याची लांबी सुमारें ११ सेंटिमीटर व वजन ४०० ग्रॅमहून कमी असे. ब्राउनिंग हें नांव महाराष्ट्रास १९०९ च्या नाशिक प्रकरणापासून ठाऊक आहे. परंतु तेथें शस्त्र पुरुषाच्या अंगावर होतें.

(५)

आतां यंत्र सोडून तें बाळगणाऱ्या स्त्रियांकडे वळूं. १३ जुलै १७९३ रोजीं पॅरिसांत शार्लोत कोर्दे हिनें मारा ह्याचा वध केला. शस्त्र साधा स्वयंपाकाचा सुरा होता व तो तिनें झग्याच्या आंत ठेविला होता. त्याच वस्त्रांत फ्रेंच जनतेस उद्देशून लिहिलेलें तिचें निवेदन व बाप्तिस्म्याचा दाखलाहि सांपडला. आपण जिवंत परतणार नाहीं हें जाणून तिनें आपलें नांव व आपलें कारण हीं दोन्ही अंगावर बाळगलीं होतीं. बिंदुमतीच्या वेणींत केवळ शस्त्र होतें. कोर्देच्या वस्त्रांत शस्त्राशेजारीं कागद होता. आमच्या मतें ह्या विषयाच्या इतिहासांतला हा मोठा पालट होय.

दुसरें उदाहरण रशियांतील व्हेरा झासुलिच हिचें. सेंट पीटर्सबर्गचा अधिकारी ट्रेपॉव्ह ह्यानें १८७७ सालीं एका राजकीय कैद्यास फटके मारविले. १८७८ च्या जानेवारींत, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें २४ तारखेस, झासुलिच अर्जदार म्हणून त्याच्या भेटीच्या दालनांत गेली आणि अंगावरील सैल बाह्यवस्त्राखालून रिव्हॉल्व्हर काढून तिनें त्याच्यावर गोळी झाडली. तो जखमी झाला, मेला नाहीं. खटल्यांत तिनें आपलें कृत्य नाकारलें नाहीं. कारण मात्र सांगितलें. पंचांनीं ३१ मार्च रोजीं तिला निर्दोष ठरविलें. तिच्या झुलीखालीं काय होतें हें कोर्टापुढें निर्विवाद असतां, तें कां होतें ह्या प्रश्नावर निकाल लागला!

दोन्ही प्रसंगीं शस्त्र झांकण्याचें खरें काम कापडानें थोडेंच केलें. पहिली बातमी घेऊन आलेली बाई म्हणून, दुसरी दाखला मागणारी अर्जदार म्हणून, दारांतून सोडली गेली. त्यांच्या स्त्रीपणाविषयींचा द्वारपालांचा समज हेंच वरचें आवरण होतें.

(६)

आमच्या देशांत १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरला. त्यानंतरचा स्त्रियांच्या गूढ शस्त्रांचा इतिहास मुख्यतः बंगालचा आहे, व तो ह्या कायद्याच्या खटल्यांतून वाचावा लागतो.

२६ ऑगस्ट १९१४ रोजीं कलकत्त्यांतील रॉडा कंपनीचा माल क्रांतिकारकांनीं पळविला. त्यांत ५० माउझर पिस्तुलें व ४६,००० काडतुसें होतीं. हें माउझर एक फुटाहून थोडें लांब व एक किलोग्रॅमहून जड होतें. साडीखालीं तें घेऊन हिंडणें कठीण. म्हणून ह्या पिस्तुलांच्या संबंधांत स्त्रिया येतात त्या अंगावर शस्त्र बाळगणाऱ्या म्हणून नव्हे, तर घरांत तें सांभाळणाऱ्या म्हणून. बीरभूम जिल्ह्यांतील दुकडीबाला देवी ह्यांच्या घरीं १९१७ सालीं सात माउझर सांपडलीं व त्यांस दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. ननीबाला देवी ह्या विधवा होत्या. एका कैद्यानें माउझर पिस्तूल कोठें ठेविलें आहे हें काढून घेण्यासाठीं त्या १९१५ सालीं त्याची पत्नी म्हणून, सौभाग्याचीं चिन्हें धारण करून, प्रेसिडेन्सी तुरुंगांत त्यास भेटून आल्या. त्या काळच्या हिंदु विधवेनें सिंदूर लावणें म्हणजे काय, हें वाचकांस सांगावयास नको. तेथें शस्त्र नव्हतें, शस्त्राचा ठावठिकाणा होता. आणि पहारेकऱ्यांचा डोळा चुकविला तो भांगांतल्या सिंदुरानें.

वेषाचा हाच उपयोग १९२८ च्या डिसेंबरांत झाला. लाहोरांत सॉंडर्सचा वध झाल्यावर भगतसिंग हे दुर्गादेवी व त्यांचा लहान मुलगा ह्यांच्यासह साहेबी वेषांत रेल्वेनें निसटले. नोकराच्या वेषांत खेडचे राजगुरू होते. सहकुटुंब प्रवास करणारा गृहस्थ हाच त्यांचा परवाना ठरला. त्याच दुर्गादेवी १९३० च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील गोळीबाराच्या प्रकरणांत पुन्हां दिसतात.

१४ डिसेंबर १९३१ रोजीं कोमिल्ला येथें शांति घोष व सुनीति चौधुरी ह्या दोन शाळकरी मुली मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्स ह्याच्या बंगल्यावर पोहण्याच्या मंडळाविषयीं अर्ज घेऊन गेल्या. थंडीचे दिवस होते. अंगावर शाली असणें स्वाभाविक होतें. त्या शालींखालीं शस्त्रें होतीं. स्टीव्हन्स जागच्या जागीं ठार झाला. मुलींचें वय पाहून न्यायालयानें फांशीऐवजीं जन्मठेप दिली. ह्यानंतर दोन महिन्यांच्या आंत, ६ फेब्रुवारी १९३२ रोजीं, कलकत्ता विश्वविद्यालयाच्या पदवीदानसमारंभांत बीना दास ह्यांनीं गव्हर्नर सर स्टॅन्ले जॅक्सन ह्याच्यावर पांच गोळ्या झाडल्या. गव्हर्नर बचावला. त्या त्याच समारंभांत पदवी घेण्यास आल्या होत्या, आणि रिव्हॉल्व्हर होतें पदवीधराच्या झग्याखालीं. तें त्यांस कमला दासगुप्त ह्यांनीं मिळवून दिलें होतें. बीना दास ह्यांचे वडील बेणीमाधव दास हे नामांकित शिक्षक. मुलीच्या अंगावरचा तो काळा झगा पाहण्यासाठीं शिक्षक पित्याचें मन किती आतुर असतें, हें आम्हांस सांगण्याची आवश्यकता वाटत नाहीं. म्हणूनच ह्या झग्याची हकीकत वाचून आम्ही दीर्घ काळ विचारांत पडलों.

ह्या दोन प्रसंगांत वस्त्र व शस्त्र ह्यांचा मेळ पूर्ण जमलेला आहे. शाल व झगा हीं दोन्ही सैल, खांद्यावरून खालीं पडणारीं, आणि त्या जागीं व त्या वेळीं अपेक्षित अशीं वस्त्रें होतीं. वस्तूचा आकार झांकला गेला व संशयहि झांकला गेला. परंतु अशा वस्त्राची एक मर्यादा आहे. तें शस्त्र आंत नेण्यास उपयोगी, बाहेर पळण्यास निरुपयोगी. तिघींपैकीं एकीसहि निसटतां आलें नाहीं. जेथें धांवाधांवीची लढाई योजिली होती तेथें स्त्रियांनीं स्त्रीवेषच टाकला, ही गोष्ट ह्या अनुमानास पुष्टि देते. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं चितगांवजवळ पहाडतळी येथील युरोपियन क्लबावर हल्ला करणाऱ्या प्रीतिलता वद्देदार ह्या पंजाबी पुरुषाच्या वेषांत होत्या. त्यांच्या सोबतीण कल्पना दत्त ह्या आठवडाभर आधीं पकडल्या गेल्या त्याहि पुरुषवेषांतच.

बीना दास ह्यांनीं न्यायालयांत दीर्घ निवेदन केलें व कृत्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यांस नऊ वर्षांची शिक्षा झाली. पुढें त्यांनीं आपल्या आठवणी लिहिल्या, कल्पना दत्त ह्यांनींहि लिहिल्या. आणि ज्यांनीं रिव्हॉल्व्हर मिळवून दिलें त्या कमला दासगुप्त ह्यांनीं बंगालच्या स्वातंत्र्यलढ्यांतील स्त्रियांचा चरित्रग्रंथ रचला. झडतीच्या दप्तरावांचून दुसरें साधन नसलेल्या विषयांत बाळगणारीनें स्वतः लिहिलेलें साधन निर्माण झालें तें असें. ह्या कृत्यांविषयीं वाचकांचें मत कांहींहि असो, साधन म्हणून ह्या लेखनाचें मोल निराळेंच आहे.

(७)

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या विषयाचें स्वरूप पालटलें. शस्त्र लपविण्याचा हेतु आतां बहुशः आत्मसंरक्षण हा सांगितला जातो, व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यास कायद्याची मान्यताहि मिळाली आहे. तेथें स्त्रियांसाठीं शस्त्र दडविण्याच्या पट्ट्या, चोळ्या, पिशव्या ह्यांचा मोठा व्यापार चालतो. आपल्याकडे १९५९ च्या कायद्याप्रमाणें परवाना लागतो. डिसेंबर २०१२ मध्यें राजधानी दिल्लींत एका तरुणीवर झालेल्या अत्याचारानें देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्यें कानपूरच्या सरकारी कारखान्यानें स्त्रियांकरितां म्हणून ‘निर्भीक’ नांवाचें रिव्हॉल्व्हर काढलें. वजन ५०० ग्रॅम, किंमत सुमारें सव्वा लाख रुपये. तें दागिन्यांच्या डबीसारख्या डबींतून दिलें जाई. कौटिल्याच्या यादींतील अलंकार व शस्त्र ह्यांची जुनी जोडी येथें पुन्हां भेटते. परंतु ज्या स्त्रियांस रात्रीं बसनें प्रवास करावा लागतो त्यांच्यापैकीं किती जणींस ही डबी परवडावी?

शस्त्र जवळ असणें व तें वापरतां येणें ह्यांत अंतर आहे. अमेरिकन शिक्षक जेफ कूपर ह्यानें अग्निशस्त्राचे चार नियम प्रचारांत आणिले. प्रत्येक शस्त्र भरलेलेंच आहे असें समजावें; ज्याचा नाश करावयाचा नाहीं त्याकडे नळीचें तोंड वळूं देऊं नये; नेम धरीपर्यंत बोट चापावर ठेवूं नये; आणि लक्ष्य काय आहे व त्याच्या पलीकडे काय आहे ह्याची खात्री करावी. हे नियम साधे आहेत. पण शस्त्र वस्त्रांत शिरलें कीं प्रत्येक नियम पाळणें कठीण होतें. नळीचें तोंड कोणीकडे आहे तें दिसत नाहीं. किल्ली किंवा नाडी बोटाचें काम करून चाप ओढूं शकते. म्हणून चाप पूर्ण झांकणारें कठीण आवरण हवें, तें अंगास पक्कें जोडलेलें हवें, व त्या जागीं दुसरी वस्तु नको, असें आजचे शिक्षक सांगतात. दोनशें वर्षांपूर्वींच्या कारागिरानें पिस्तुलाच्या पोटांत मिटविलेला चाप हें त्याच शहाणपणाचें रूप होय.

बटवा ह्या कसोटीस उतरत नाहीं. ३० डिसेंबर २०१४ रोजीं आयडाहो संस्थानांत एका दुकानांत एका मातेच्या पिशवींतील पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हातास लागलें व त्याच्या हातून सुटलेल्या गोळीनें ती तेथेंच मरण पावली. पिशवी शस्त्र ठेवण्यासाठींच बनविलेली होती आणि मातेजवळ परवाना होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्त्रीचा खिसा तिच्या अंगावरून सुटून हातांत आला, असें आम्हीं वर म्हटलें. त्या बदलाची किंमत ती ही. शस्त्र परक्याच्या डोळ्यापासून दडविलें. घरच्या पोराच्या हातापासून दडविणें राहून गेलें.

(८)

वरील विवेचनाचें तात्पर्य असें. वेणींतील पात्यापासून बटव्यांतील रिव्हॉल्व्हरापर्यंत प्रत्येक वेळीं शस्त्राच्या कळीनें कांहीं शक्य केलें व वस्त्राच्या घडणीनें त्यास मर्यादा घातली. आजहि पुरुषाच्या सदऱ्यास चार खिसे असतात व स्त्रीच्या वस्त्रास बहुधा एकहि नसतो. तेव्हां तिला शस्त्र विकूं पाहणारानें आधीं तिच्या वस्त्राचा विचार करावा, हें इतिहासावरून ठरतें. दुसरें असें कीं, स्त्रीविषयींचा पाहाणाराचा समज हेंच तिचें सर्वांत दाट आवरण होतें. तो समज जसजसा बदलेल तसतशी ह्या विद्येची जुनी अर्धी शक्ति कमी होत जाईल, व त्याबद्दल कोणी खेद करण्याचें कारण नाहीं.

संशोधकांपुरतें बोलावयाचें तर काम पुढेंच आहे. झडतीचीं पत्रकें, जप्त मालाच्या याद्या, पंचनामे ह्यांत शस्त्राचें वर्णन बारकाईनें असतें. वस्त्राचें वर्णन एका शब्दांत उरकलेलें असतें. ज्यांच्या हातीं अशीं दप्तरें येतील त्यांनीं तो एक शब्द टिपून ठेवावा. शाल होती कीं झगा, पदर होता कीं पिशवी, एवढ्यावरून शस्त्र नेणारी कोण म्हणून आंत सोडली गेली हें कळूं शकतें. आणि तिनें मागें कांहीं लिहून ठेविलें असेल तर आधीं तें वाचावें, मग फिर्याद वाचावी.